टक्कर नाही, तरी पठार उंच: प्रावरणाचं नाव घेण्याआधी कुठला हिशोब करायचा?

(चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

प्रस्तर

हिमालय आणि तिबेट उंच का, हे सांगायला फार वेळ लागत नाही. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी दोन खंड भिडले, भूकवच (पृथ्वीचा सर्वांत वरचा, हलक्या खडकाचा थर) जाड झालं आणि जाड कवच खालच्या जड प्रावरणावर (मॅन्टलवर) वर तरंगलं. अडचण येते ती टक्कर न झालेल्या पठारांची. आफ्रिकेच्या दक्षिण भागातलं पठार समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे आणि त्याच्या कडेला ड्रेकन्सबर्गचा कातळकडा उभा आहे. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यामागे तीच रचना दिसते. सह्याद्रीचा कडाही याच कुळातला. तिन्ही ठिकाणी गोंडवन हा जुना महाखंड फुटून किनारे तयार झाले, प्लेटची कड दूर समुद्रात गेली. मग उंची आली कुठून आणि टिकली कशी?

२०२४ मध्ये 'नेचर'मध्ये साउदम्प्टन विद्यापीठाच्या गटाचा अभ्यास आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: खंड फाटताना फाटीच्या बाजूला शिलावरणाच्या (कवच आणि त्याखालचा प्रावरणाचा कडक भाग मिळून) तळाशी अस्थिरता सुरू होते. तळाचा थंड, जड थर सुटून खाली जातो आणि त्या जागी गरम प्रावरण येतं. एक तुकडा सुटला की शेजारच्याचा आधार जातो, म्हणून ही गळती दर दहा लाख वर्षांना साधारण १५ ते २० किमी वेगाने खंडाच्या आत सरकते. ती जिथून पुढे जाते तिथली जमीन उचलली जाते, मग झिजते, मग झिजेमुळे आणखी उचलली जाते.

कल्पना मला पटते. पण प्रत्येक उंच पठाराखाली लगेच प्रावरण दाखवायची घाई होते, ती पटत नाही. एखाद्या पठाराला ही कल्पना लावण्याआधी काय काय वजा करायचं, त्यात कुठे चुका होतात, यावर इथे नीट लिहूया.

तोल

पहिली वजाबाकी भूकवचाची. तिला पर्याय नाही.

कवचाची सरासरी घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ (घनसेंटिमीटरला ग्रॅम) धरली, तर खगोलशास्त्रज्ञ एअरीच्या समस्थायित्वाप्रमाणे (हलकं कवच जड प्रावरणावर तरंगून तोल साधतं, या नियमाप्रमाणे) १ किमी उंचीला खाली ५.६ किमी मूळ, म्हणजे प्रावरणात बुडालेलं जादा कवच लागतं (२.८ भागिले ०.५). तिबेट ५ किमी उंच म्हणजे मूळ २८ किमी. नेहमीचं कवच ३५, वर ५, खाली २८: एकूण ६८ किमी. भूकंपलहरींनी मोजलेली जाडीही ७० किमीच्या आसपास येते. म्हणजे तिबेटपुरतं बहुतेक गणित कवचातच सुटलं.

आता १.२ किमी उंचीचं पठार घ्या. मूळ ६.७ किमी, म्हणजे एकूण जाडी सुमारे ४३ किमी हवी. तेवढी मिळाली तर प्रावरणाला मध्ये आणायचं कारणच उरत नाही. आफ्रिकेच्या कापवाल क्रेटॉनखाली (क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, स्थिर भाग) मात्र कवच साधारण ३५ ते ४० किमीच भरतं. तिथे खरोखर काहीतरी शिल्लक राहतं.

हा हिशोब ज्या घोळातून निघाला तो आजही उपयोगी आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कलियाणपूर या ठाण्यांच्या अक्षांशांतला फरक दोन पद्धतींनी काढला, तेव्हा ५.२३६ विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) तफावत आली. हिमालयाच्या वस्तुमानाने ओळंबा ओढला जातो असं धरून गणिती प्रॅटने गणित केलं, तर ती १५.८८५ विकला यायला हवी होती. डोंगर दिसतो तेवढ्या जोराने ओढत नाही, कारण त्याच्याखाली वस्तुमान कमी आहे. एअरीने १८५५ मध्ये त्याचं कारण खोल मुळात पाहिलं, प्रॅटने घनतेच्या फरकात. दोघांचंही अंशतः बरोबर आहे, आणि इथेच पहिली चूक होते: लोक फक्त जाडी बघतात, घनता विसरतात. ३८ किमी कवचाची सरासरी घनता २.८० ऐवजी २.८५ असली, तर पृष्ठभाग जवळजवळ ५७५ मीटर खाली बसतो. जाडी तीच, उंचीत अर्ध्या किलोमीटरपेक्षा जास्त फरक.

मोहोरेषा

तोल यांनी ३५ ते ४० किमी लिहिलं, तो आकडा कसा येतो आणि किती डळमळीत असू शकतो तेही इथे यावं.

दूरच्या भूकंपाची पी लहर खालून येताना मोहोपाशी (कवच आणि प्रावरण यांच्या सीमेपाशी) तिचा काही भाग एस लहरीत बदलतो. एस हळू चालते, म्हणून ती थोडी उशिरा पोचते. हा उशीर म्हणजे रिसीव्हर फंक्शनमधलं (भूकंपमापकाखालच्या थरांचा ठसा दाखवणाऱ्या आलेखातलं) पहिलं मोठं शिखर. कवचात पीचा वेग सेकंदाला ६.३ किमी, पी आणि एस वेगांचं गुणोत्तर १.७५ आणि किरण प्राचल (लहर किती तिरपी येते त्याचं माप) किलोमीटरला ०.०६ सेकंद धरलं, तर ३५ किमी कवचासाठी उशीर सुमारे ४.३५ सेकंद येतो. ढोबळ हिशोब: १ सेकंद म्हणजे ८ किमी.

आता गुणोत्तर १.७५ ऐवजी १.८५ घ्या. त्याच ४.३५ सेकंदांतून जाडी ३१ किमी निघते. ४ किमीचा फरक. समस्थायित्वात १ किमी जाडीला सुमारे १५० मीटर उंची, म्हणजे या एका गृहीतकाने ६०० मीटर उंची इकडची तिकडे झाली. ज्या पठाराची उंचीच १२०० मीटर आहे, तिथे हे अर्धं उत्तर आहे!

म्हणून पहिल्या शिखरावर थांबू नये. मोहो आणि पृष्ठभाग यांच्यात एकदा आपटून येणाऱ्या दोन लहरी नंतर येतात, त्यांची वेळ जाडी आणि गुणोत्तर यांच्यावर वेगळ्या प्रमाणात अवलंबून असते. तिन्ही एकत्र बसवले की दोन्ही अज्ञातं सुटतात. हे स्टॅकिंग २००० पासून सर्रास वापरलं जातं. ते फसतं कुठे? एक, भूकंपमापकाखाली मऊ गाळाचा जाड थर असेल तर त्यातले प्रतिध्वनी मोहोच्या लहरींवर चढतात. दोन, मोहो तीक्ष्ण नसून १०-१५ किमीत हळूहळू बदलत असेल तर मागून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण होतात की स्टॅकमध्ये शिखराऐवजी लांबट डाग उमटतो. डागाच्या मध्यबिंदूला अचूक आकडा म्हणून तक्त्यात टाकलेलं पाहिलं की वाईट वाटतं. पुढचा माणूस तो आकडा खरा धरून त्यावर प्रावरणाचं अख्खं मॉडेल उभं करतो.

गार्नेट

एक शब्द वेळीच वेगळा करूया, नाहीतर पुढे सगळे गोंधळतील. 'मूळ' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरला जातो. तोल म्हणतात ते कवचाचं मूळ: हलक्या खडकाचं, ४०-७० किमीपर्यंतचं. क्रेटॉनचं मूळ म्हणजे शिलावरणाचा खोल भाग: तो प्रावरणाच्याच खडकाचा, थंड, २०० किमी किंवा जास्त खोलीपर्यंत गेलेला. पहिलं असलं की जमीन वर येते. दुसरं सुटलं तर येते, आणि तेही नेहमी नाही.

कारण असं. क्रेटॉनचं मूळ थंड आहे म्हणून जड असायला हवं. पण अब्जावधी वर्षांपूर्वी त्यातून भरपूर वितळ निघून गेल्यामुळे लोह कमी झालं, गार्नेट हे जड खनिज कमी झालं, आणि तो खडक मुळातच हलका झाला. थंडीने आलेला जडपणा आणि रचनेने आलेला हलकेपणा जवळजवळ एकमेकांना खातात. म्हणूनच ही मुळं दोन-तीन अब्ज वर्षं बुडाली नाहीत.

आता रचनेकडे न बघता केलेला हिशोब पाहा. ६० किमी जाडीचा थर काढला, त्याचं सरासरी तापमान जागी आलेल्या प्रावरणापेक्षा ३०० अंशांनी कमी होतं, प्रसरणांक अंशाला ३ गुणिले १० चा उणे ५ वा घात. घनतेतला फरक घनमीटरला ३० किलो, उचल सुमारे ५५० मीटर. पण तो थर रचनेने १ टक्का हलका असेल तर तेवढ्याने ३३ किलो परत गेले. उचल शून्य!

म्हणजे गळतीचं मॉडेल चालायचं तर सुटणारा तळ पुन्हा 'जड' झालेला असावा लागतो. हे अशक्य नाही. खालून झिरपणारी वितळं त्या खडकात लोह आणि गार्नेट परत भरतात, आणि तळाचा भाग सर्वांत आधी बदलतो. किंबर्लाइटनी (खोल प्रावरणातून वर आलेल्या ज्वालामुखी खडकांनी) वर आणलेल्या तुकड्यांत हे दिसतं. ऑर्थोपायरॉक्सिन या खनिजातल्या ॲल्युमिनियमवरून दाब, दोन पायरॉक्सिनमधल्या देवाणघेवाणीवरून तापमान, म्हणजे तुकडा किती खोलीवरचा ते कळतं. वेगवेगळ्या वयाच्या किंबर्लाइटमधले तुकडे शेजारी ठेवले की मुळाचा तळ काळानुसार तापला किंवा पातळ झाला का, ते वाचता येतं. दक्षिण आफ्रिकेत ११ कोटी वर्षांपूर्वीच्या जुन्या गटातले आणि सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीच्या नव्या गटातले तुकडे यांत असा फरक सापडतो.

प्रस्तर

गार्नेट, म्हणजे मूळ सुटलं तरी जमीन उचलली गेलीच नाही, असं प्रत्यक्ष उदाहरण आहे का?

गार्नेट

उत्तर चीनचा क्रेटॉन. त्याच्या पूर्व भागाखालचं १०० किमीहून जास्त मूळ मध्यजीव कल्पात आणि त्यानंतर गेलं. आज वर काय आहे? उत्तर चीनचं सपाट मैदान. मूळ गेलं, पण त्याच काळात कवचही ताणलं गेलं आणि ३० किमीच्या आसपास उरलं. कवच ५ किमीने पातळ झालं की ७५० मीटर खाली, त्या खात्यात मुळाची कमाई बुडाली. पहिली वजाबाकी पहिलीच का, ते इथे कळतं.

कालमापक

आता काळाकडे येऊ. मॉडेलचा सर्वांत तपासता येण्याजोगा भाग तोच आहे: गळती सरकते, म्हणून उचलही सरकली पाहिजे. दर दहा लाख वर्षांना १५-२० किमी, म्हणजे किनाऱ्यापासून ४०० किमी आत पोचायला २ ते २.७ कोटी वर्षं. किनाऱ्याजवळ झीज आधी, आत नंतर. कडा नुसताच मागे हटत गेला असेल तर हा नमुना वेगळा दिसेल: कड्यामागच्या पठारावर फारशी झीज नसेल.

पण इथे एक ठाम विनंती. खडकाची उचल, पृष्ठभागाची उचल आणि खडक उघडा पडणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्लंड आणि मोलनार या भूशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये हे स्पष्ट मांडलं, तरी आजही मिसळलं जातं. पृष्ठभागाची उचल म्हणजे खडकाची उचल वजा झीज. ॲपेटाइट या खनिजातले फिशन ट्रॅक (युरेनियमच्या विखंडनाने पडलेले सूक्ष्म माग) फक्त खडक कधी थंड झाला ते सांगतात. साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात ते ट्रॅक आखूड होत पुसले जातात. त्यावरून खडक किती वर आला ते काढायला भूतापमानाचा चढ (खोलीबरोबर तापमान किती वाढतं) लागतो, आणि समुद्रसपाटीपासूनची उंची तर त्यातून निघतच नाही.

चढाचा परिणाम पाहा. पृष्ठभाग २० अंश, खडक ११० अंशांवरून आला. किमीला २५ अंश चढ धरला तर वरून ३.६ किमी खडक गेला. खंड नुकताच फाटलेला असताना चढ ४० अंश असू शकतो, मग तीच नोंद २.२५ किमी सांगते. १.३५ किमी खडक नुसत्या गृहीतकाने गायब. एकाच उभ्या कड्यावर वेगवेगळ्या उंचीवरून नमुने घेतले तर चढ थोडा बांधता येतो. एकट्या नमुन्यावरून खोली छापू नये.

तोल

कालमापक यांच्या मुद्द्याला जोडून: झीज स्वतःच उचल घडवते, ती दुसरी मोठी वजाबाकी.

एखाद्या प्रदेशातून सरासरी १ किमी खडक धुऊन गेला तर पृष्ठभाग १ किमी खाली जात नाही. खालून ८५० मीटर परत येतात, सरासरी उतार फक्त १५० मीटरचा. आणि ही झीज मुख्यतः दऱ्यांतून झाली, माथे शाबूत राहिले, तर माथे जवळजवळ ८५० मीटर वर चढतात. शिखरं उंच होत असताना प्रदेशाची सरासरी उंची घटत असते. फक्त शिखरांच्या उंचीवरून 'प्रदेश उचलला गेला' म्हणणं म्हणूनच चूक.

हा प्रतिसाद किती लवकर येतो? बर्फयुगाच्या बर्फाचं ओझं उतरल्यावर बोथनियाच्या आखाताभोवतीची जमीन आजही वर्षाला सुमारे १ सेंमी चढते आहे. हॅस्केलने १९३५ मध्ये अशाच चढण्यावरून प्रावरणाची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) १० चा २१ वा घात पास्कल-सेकंद काढली, आणि तो आकडा अजून टिकून आहे. काही हजार वर्षांत तोल सावरतो. झिजेच्या कोट्यवधी वर्षांच्या मानाने ते तात्काळच.

मात्र शिलावरण कडक आहे, ते ओझ्याखाली एका जागी न दबता वाकतं. लवचीक जाडी (शिलावरण किती जाड पट्टीसारखं वाकतं) २५ किमी असली तर वाकण्याचं लांबीमान (वाकणं किती अंतरावर पसरतं त्याचं माप) सुमारे ६० किमी येतं, १० किमी असली तर ३०. फुटलेल्या किनाऱ्यावर कड्याच्या समुद्राकडची बाजू जास्त झिजते, तिथली उचल कड्याच्या मागेही पोचते, आणि माथ्याला ओठासारखी उचलते. समुद्रात साचणारा गाळ किनाऱ्याबाहेरचा भाग खाली दाबतो, त्याने ओठ आणखी तिरपा होतो. मग नद्या समुद्राकडे पाठ फिरवतात. गोदावरी अरबी समुद्रापासून सुमारे ८० किमीवर उगम पावते आणि बंगालच्या उपसागराला मिळते, त्यामागे या कलाचा वाटा मोठा आहे. एवढ्यासाठी प्रावरणात खोल काही घडायची गरज नाही.

प्रस्तर

पण तोल, हा ओठ कड्यापासून किती आतपर्यंत? ६० किमी लांबीमानात उचल साधारण १४० किमीवर शून्य होते. दक्षिण आफ्रिकेचं पठार त्याच्या कितीतरी पट रुंद आहे.

तोल

अगदी तोच निकष. १००-१५० किमीच्या आतली उचल वाकण्याने समजावता येते. ५०० किमीपर्यंत पसरलेली नाही. तिथे मी माघार घेतो आणि प्रावरणाला जागा देतो.

दूरलहर

मग प्रावरणाच्या आतही दोन भाग करायला हवेत. एक, शिलावरणाचा तळ सुटणं. दुसरं, फार खालून वर येणारा प्रवाह पृष्ठभागाला ढकलतो ते: गतिक उंची. आफ्रिकेच्या दक्षिणेखाली प्रावरणाच्या तळाशी, गाभ्याला लागून, लहरींचा वेग कमी असलेला प्रचंड प्रदेश आहे. त्याच्या वरचा प्रवाह अख्ख्या दक्षिण आफ्रिकेला रेटतो, हे मत जुनं आणि वजनदार आहे.

दोन्ही वेगळे ओळखायचे कसे? पहिलं, रुंदी. खोल प्रवाहाची उचल हजार किमी आणि त्याहून रुंद, गुळगुळीत. तळ सुटण्याची अरुंद आणि सरकती. दुसरं, गुरुत्व. मूळ असलेल्या, तोल साधलेल्या प्रदेशावर फ्री एअर विसंगती (मोजलेल्या गुरुत्वातून उंचीचा परिणाम वजा केल्यावर उरणारा फरक) शून्याजवळ असते आणि बूगे (त्यातून वरच्या खडकाची ओढही वजा केल्यावर उरणारा) ठळक उणे. प्रवाह खालून रेटत असेल तर मोठ्या तरंगलांबीवर फ्री एअर सहसा धन (+) दिसते. बूगेसाठी दर किमी खडकाला ११२ मिलिगॅल (गुरुत्व मोजायचं एकक; घनता २.६७ धरून) वजा करतात. पठार बेसाल्टचं असेल तर २.६७ चालत नाही, ती चूक थेट विसंगतीत उतरते.

टोमोग्राफीच्या (भूकंपलहरींच्या वेगावरून काढलेल्या पृथ्वीच्या आतल्या) चित्रांबद्दल सावधगिरी. लाल म्हणजे गरम आणि निळा म्हणजे थंड, असं वाचू नका. रंग वेगाचा आहे. वेग तापमानाने बदलतो तसा रचनेने, थोड्याशा वितळाने, पाण्यानेही बदलतो. किरण बहुतेक उभे येतात म्हणून प्रत्येक डाग वरखाली ताणला जातो. ५० किमीचा सुटलेला तुकडा चित्रात १५० किमीचा खांब दिसू शकतो. चेकरबोर्ड चाचणी (बुद्धिबळाच्या पटासारखा नमुना घालून तो चित्रात परत मिळतो का, ते पाहणं) दिलेली नसेल, किंवा दिलेल्या चाचणीतले चौकोन आपल्या डागापेक्षा मोठे असतील, तर त्या डागावर काहीही बांधू नये.

कालमापक

दूरलहर यांच्याशी सहमत. एक भर घालतो: कडा किती वेगाने हटतो ते आज विश्वकिरणांनी बनलेल्या समस्थानिकांवरून मोजता येतं. ड्रेकन्सबर्गला हा वेग दर दहा लाख वर्षांना १०० मीटरच्या आत निघाला. खंड फुटल्यापासून कडा किनाऱ्यावरून आजच्या जागी सरकत आला असता, तर वेग याच्या दहापट तरी हवा होता. म्हणजे बराचसा कडा आजच्या जागेजवळच घडला. पण हे मापन वरच्या ६० सेंमी खडकातलं आहे. झीज दर दहा लाख वर्षांना ५ मीटर असेल तर त्याची स्मृती जेमतेम सव्वा लाख वर्षांची. तो आकडा क्रिटेशस काळापर्यंत (१४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वी) मागे ओढणं योग्य नाही. जुन्या काळासाठी ॲपेटाइटच लागतं.

प्रस्तर

शेवटचा व्यवहारी प्रश्न. सह्याद्रीला ही सरकत्या उचलीची कसोटी लावायची तर नमुने कुठून?

कालमापक

किनाऱ्याला काटकोनात रेघ, कड्याच्या पायथ्यापासून आत ३००-४०० किमीपर्यंत. कड्याजवळ नमुने दाट, कारण वाकण्याचा परिणाम तिथेच वेगळा करायचा आहे, पुढे ३०-४० किमीवर एक पुरे. प्रत्येक ठिकाणी फिशन ट्रॅक आणि हेलियम (ॲपेटाइटमध्ये साठलेला) दोन्ही, म्हणजे ११० आणि ७० अंशांच्या आसपासची दोन घड्याळं मिळतात. मात्र दख्खनच्या बेसाल्टमध्ये या कामाचे ॲपेटाइटचे दाणे क्वचितच मिळतात. म्हणून रेघ दक्षिणेकडे न्यावी लागते, जिथे लाव्हाचे थर संपून पायाचा नाइस हा जुना रूपांतरित खडक उघडा पडतो. आणि लाव्हाच्या कडेपासून पुरेसं लांब राहायचं, कारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी वर साचलेल्या गरम थरांनी खालचे ट्रॅक पुसले असतील, तर तो आकडा लाव्हाचा असतो, उचलीचा नव्हे.